शिरांच्या एमआरआयमध्ये शीर ‘तुटलेली’ दिसली तर

मेंदूच्या शिरांचा एमआरआय, म्हणजे एमआर व्हेनोग्राफी झाली, की नातेवाईक फिल्म खिडकीशी धरून बघतात आणि काउंटरवर येतात: “डावीकडची शीर मध्येच गायब आहे, गुठळी झालीय का?” कधी खरंच गुठळी असते. पण पुष्कळदा शीर मोकळी असते, फक्त तिच्यातलं रक्त मशीनला दिसलेलं नसतं.

आम्ही सहसा आधी बिनइंजेक्शनची ‘टाइम ऑफ फ्लाइट’ तपासणी करतो. मशीन एकेक पातळ काप घेतं आणि त्यातल्या स्थिर भागावर रेडिओलहरींचा इतका भरभर मारा करतं, की त्याचा सिग्नल दबतो. कापात नुकतंच शिरलेलं रक्त या माऱ्यातून सुटलेलं असतं, म्हणून पांढरं चमकतं. पण रक्त संथ असेल, किंवा शीर कापाला समांतर जात असेल, तर तेच रक्त कापात रेंगाळतं, मारा खातं आणि काळं पडतं. कानामागे वळणाऱ्या ‘ट्रान्सव्हर्स सायनस’ या मोठ्या शिरेत हे नेहमीचं, त्यातही डावीकडे. अनेकांची ती बाजू मुळातच उजवीपेक्षा बारीक असते.

उलटी फसगत आम्हाला जास्त घातक वाटते. काही दिवस जुनी गुठळी ‘टी-वन’ या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात स्वतःच पांढरी दिसते आणि व्हेनोग्राफीत वाहतं रक्त असल्याचा भास होतो. म्हणून साध्या एमआरआयची चित्रं शेजारी लावूनच रिपोर्ट लिहिला जातो. नुसत्या व्हेनोग्राफीचा आग्रह धरू नका.

शंका उरली तर पेशंटला टेबलावरच थांबवून कापांची दिशा बदलतो, रक्ताच्या हालचालीवरून चित्र काढणारी ‘फेज कॉन्ट्रास्ट’ तपासणी घेतो, किंवा शिरा उठून दिसाव्यात म्हणून गॅडोलिनियम या औषधाचं इंजेक्शन देऊन पुन्हा बघतो. इंजेक्शननंतर चित्र रक्ताच्या वेगावर फारसं अवलंबून राहत नाही. वेळ वाढला म्हणजे काहीतरी भयंकर सापडलं, असं समजून बाहेर रडारड नको. गरोदरपणात हे इंजेक्शन शक्यतो टाळतात. दिवस गेले असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर आत जाण्याआधीच सांगा, क्रिएटिनिनचा (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) रिपोर्ट असल्यास दाखवा.

सिन्नर, निफाड, त्र्यंबककडून येणाऱ्यांनी जुन्या फिल्म आणि सीडी सोबत आणाव्यात, नाहीतर त्यासाठी परत हेलपाटा पडतो. आणि डोकेदुखी वाढत चालली, उलट्या, फिट किंवा अंधुक दिसणं सुरू झालं, तर रिपोर्टची वाट न बघता थेट आपल्या डॉक्टरांकडे किंवा कॅज्युअल्टीत जा. रिपोर्ट आम्ही तिकडे पाठवू.