छायाचित्र-सूचीकरण आज्ञावली

छायाचित्रकाराच्या संग्रहातील प्रतिमांची स्थळ, काळ, विषय, व्यक्ती व हक्क यांनुसार नोंद ठेवून त्या शोधून देणारी संगणकीय आज्ञावली. प्रतिमा-संस्करणाची सोय बहुतेक आज्ञावल्यांत असते. तिचा विचार येथे केलेला नाही.

या प्रकाराचा उगम कोणी ॲपलच्या ॲपर्चरपासून (२००५) व ॲडोबीच्या लाइटरूमपासून (२००७) धरतात, तर कोणी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील फेच (नंतरचे पोर्टफोलिओ) या आज्ञावलीपर्यंत मागे जातात. मात्र छायाचित्रासोबत मजकूर पाठवण्याचा वृत्तसंस्थांचा संकेत हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आयपीटीसी या वृत्तक्षेत्रातील संघटनेची (स्थापना १९६५) आयआयएम ही नोंदपद्धती १९९० च्या सुमारास रूढ झाली आणि फोटोशॉपने त्याच दशकात ती स्वीकारली. कॅमेऱ्याने स्वतः नोंदवलेल्या तपशिलांसाठी एक्झिफ (१९९५), तर सर्वसमावेशक नोंदींसाठी एक्सएमपी (२००१) ही मानके आली. एकाच फाइलमध्ये तिन्ही नांदू शकतात आणि त्यांतील मजकूर परस्परविसंगतही असू शकतो.

देवनागरीत नोंदी करणाऱ्यांना आयआयएमची मर्यादा विशेष जाचते. तीत कीवर्डला ६४, तर शहराच्या नावाला ३२ बाइट मिळतात. यूटीएफ-८ या वर्णसंकेतात (अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, तीन बाइट घेते. म्हणजे शहराच्या रकान्यात जेमतेम दहा चिन्हे मावतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावाला ४९ बाइट लागतात, त्यामुळे मर्यादा काटेकोर पाळणारी आज्ञावली ते मध्येच तोडते. वर्णसंकेताचा उल्लेख नसलेल्या जुन्या फाइलींत तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. एक्सएमपीत लांबीचे हे बंधन नाही. शोधाची अडचण मात्र तेथेही उरते : ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे संकेतबद्ध होतो, आणि एका प्रकारे टंकलेला कीवर्ड दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नाही.

निवडीतील मुख्य वाद नोंदी कोठे राहाव्यात, हा आहे. लाइटरूम क्लासिक त्या स्वतःच्या एसक्यूलाइट प्रकारच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) ठेवते. फाइलमध्ये किंवा रॉ फाइलशेजारच्या (कॅमेऱ्याच्या मूळ, असंस्कारित फाइलशेजारच्या) एक्सएमपी फाइलमध्ये त्या आपोआप लिहिण्याचा पर्याय वापरकर्त्याला चालू करावा लागतो, आणि कलेक्शन (वापरकर्त्याने केलेले प्रतिमांचे गट) व आभासी प्रती (नवी फाइल न बनवता केलेल्या प्रती) त्यानंतरही विदागारातच राहतात. फोटो मेकॅनिक ही आज्ञावली मूलतः फाइलमध्ये लिहिण्यावर भर देते. वृत्तछायाचित्रकार ती पसंत करतात. विदागारामुळे शोध जलद होतो, डिस्क जोडलेली नसतानाही लघुचित्रे दिसतात. तरीही ॲपर्चर (विकास थांबवल्याची घोषणा २०१४), पिकासा (२०१६) व मीडिया प्रो (२०१८) या आज्ञावल्यांची अखेर व त्यामुळे विदागारातील नोंदी अडकून पडण्याचा धोका पाहता, नोंदी फाइलसोबत ठेवणारा पक्ष अधिक भक्कम ठरतो.

मुक्तस्रोत पर्यायांत डिजिकॅम प्रमुख असून ती एसक्यूलाइट अथवा मायएसक्यूएल वापरते. निवडीपूर्वी काही प्रतिमांना देवनागरी कीवर्ड देऊन त्या दुसऱ्या आज्ञावलीत, किंवा एक्झिफटूल या फाइलमधील नोंदी वाचणाऱ्या साधनाने, तपासून पाहणे इष्ट.