झेब्रा फिंचच्या जोडीबरोबर आम्ही घरटे का देत नाही?

सस्नेह नमस्कार.

आमच्या कोपरखैरण्याच्या दुकानातून झेब्रा फिंचची जोडी नेणारे बहुतेक ग्राहक पिंजरा, दाणे, पाण्याची वाटी अशी सगळी खरेदी झाल्यावर शेवटी घरटे मागतात, आणि आम्ही ते त्या दिवशी देत नाही. यावरून काउंटरवर रोज तेच बोलणे होते. काही जण नाराज होतात, काही जण जाता जाता दुसरीकडून घरटे घेऊन जातात, आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी “मादी ट्रेमध्ये फुगून बसली आहे, काय करू?” असा फोन आम्हांलाच येतो. प्रत्येकाला उभ्याउभ्या सविस्तर खुलासा करणे जमत नाही, म्हणून तो या पत्रकात लिहून दिला आहे. पिंजरा कसा धुवावा, दाणे किती घालावेत हे आपणांस ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो. घरटे कधी लावावे, कधी काढावे आणि मधल्या काळात काय करू नये, एवढ्यापुरतेच हे पत्रक आहे.

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. तेथील कोरड्या मध्यभागात पाऊस कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे या पक्ष्याने विणीचा ठरावीक हंगाम धरलेला नाही. पाऊस झाला, गवताला दाणे धरले की तो लगेच घरटे बांधायला घेतो आणि दुष्काळ पडला की थांबतो. हाच पक्षी आपण नेरूळच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणला की त्याची वाटी बाराही महिने भरलेली असते, पाणी रोज ताजे मिळते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट असते आणि दिवाणखान्यातला दिवा रात्री अकरा-साडेअकरापर्यंत चालू असतो. त्याच्या लेखी सुगी कधी संपतच नाही. अशा वेळी जोडीला थांबवण्याचे सर्वांत सोपे साधन आपल्या हातात उरते ते म्हणजे घरटे, आणि तेच आपण कायमचे टांगून ठेवले तर मादी एकामागून एक अंडी घालत राहते.

याची किंमत किती मोठी आहे ते पाहावे. झेब्रा फिंचच्या मादीचे वजन साधारण 12 ते 15 ग्रॅम असते आणि एक अंडे सुमारे 1 ग्रॅमचे असते. म्हणजे पाच अंड्यांच्या एका खेपेत ती स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा चार-पाच दिवसांत शरीराबाहेर टाकते. कवचासाठी लागणारा चुना आहारातून पुरेसा मिळाला नाही तर तो तिच्या हाडांतून घेतला जातो. सलग खेपा झाल्या की कवच पातळ होते, अंगातला जोर कमी होतो आणि एखादे अंडे आतच अडते. अशी मादी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी खाली-वर हलते, उडवली तरी दांडीपर्यंत पोहोचत नाही. हे दिसताच तिला छोट्या खोक्यात वेगळे करून बल्बच्या साहाय्याने 30 अंशांच्या आसपास ऊब द्यावी आणि विनाविलंब पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पोटावर दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न घरी कदापि करू नये. अंडे आत फुटले तर मादी सहसा वाचत नाही. या टप्प्यावर आमच्याकडे येऊन “जोडी बदलून द्या” म्हणणाऱ्या ग्राहकांचे दुःख आम्हांला समजते, परंतु मादी विकताना निरोगी होती आणि घरटे वर्षभर टांगलेले होते, अशा प्रकरणी आम्ही बदली देत नाही.

वयाचाही प्रश्न आहे. झेब्रा फिंच अडीच-तीन महिन्यांतच वयात येतो, त्यामुळे तो अंडी घालू शकतो हे खरे. पण अशा कोवळ्या मादीचे अंडे अडण्याची भीती जास्त असते आणि तिने काढलेली पिल्ले पुष्कळदा उपाशी राहतात. आम्ही विकतो ती जोडी बहुधा तीन ते पाच महिन्यांची असते. नर आणि मादी वेगवेगळ्या घरट्यांतले आहेत हे ओळखता यावे म्हणून त्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांच्या रिंगा घातलेल्या असतात, आणि पावतीवर दोघांच्या जन्माचा महिना लिहिलेला असतो. दोन्ही पक्षी नऊ महिन्यांचे झाले की पावती दाखवून घरटे घेऊन जावे. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, ते जोडीच्या किमतीतच धरलेले आहेत. “पैसे घेऊन वस्तू नंतर देता” असे एका गृहस्थांनी आम्हांला सुनावले होते. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण आमची पद्धत आम्ही बदललेली नाही.

“मग रात्री ते झोपणार कुठे, थंडी नाही का वाजणार?” हा यावरचा ठरलेला प्रश्न. फिंच दांडीवर एकमेकांना चिकटून उत्तम झोपतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी रात्री आपल्या जानेवारीपेक्षा कितीतरी गार असतात, तेव्हा वाशी-बेलापूरच्या थंडीची काळजी करू नये. काळजी करायची तर एसीच्या थेट झोताची करावी.

आता ज्या चुकीपायी आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तिच्याकडे वळतो. तक्रार अशी असते की, “चार अंडी मी स्वतः पाहिली होती, आता एकही दिसत नाही.” अंडी कोणी नेलेली नसतात. घरटे खाली उतरवून पाहिले तर तळाला ती चार अंडी, त्यांवर काथ्याचा जाड थर, त्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि झाडूच्या काड्या खोचलेल्या, आणि सर्वांत वर तीन ताजी पांढरी अंडी, असा दुमजली कारभार आढळतो. याचे कारण असे की, पिंजऱ्यात उचलण्याजोगे काही दिसेल तोपर्यंत नर ते घरट्यात नेतच राहतो. आत अंडी आहेत की नाहीत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अंडी झाकली गेली की ती थंड पडतात, मादीला घरटे रिकामे वाटते आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. दोन खेपा वाया, मादीची हाडे पोकळ, आणि दोष मात्र आमच्या जोडीला.

म्हणून घरटे लावताना सोबत मूठभर काथ्या आणि वाळलेले गवत द्यावे, आणि पहिले अंडे दिसले त्याच दिवशी पिंजऱ्यात उरलेली प्रत्येक काडी काढून घ्यावी. “प्रत्येक” हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. ट्रेमध्ये अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कडासुद्धा हे पक्षी फाडून नेतात, त्यामुळे या काळात ट्रेवर जाळी बसवावी किंवा कागद अजिबात घालू नये. पालेभाजीचे देठ, गळालेली लांब पिसे, ग्रिलला बांधलेल्या सुतळीचे सुटलेले धागे हेही पाहावेत. काथ्या बोटभर लांबीचाच कापावा, कारण लांब तंतू पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाऊन बोटे झडतात. कापूस, लोकर, शिवणाचा दोरा आणि केस तर मुळीच देऊ नयेत. आमच्याकडे कापून, उन्हात वाळवून बांधलेल्या काथ्याच्या जुड्या मिळतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत मोकळा ठेवलेला काथ्या आठवड्याभरात बुरसटतो, तेव्हा जुडी आधीच आणून ठेवण्यापेक्षा घरटे नेण्याच्या दिवशीच न्यावी.

दुमजली घरटे झालेच असेल तर वरचा थर अलगद उचलून खालची थंड अंडी काढून टाकावीत, ताजी अंडी तेवढी खोलगट जागेत ठेवावीत आणि पिंजरा लगेच साफ करावा. माणसाचा हात लागला म्हणून झेब्रा फिंच अंडी सोडून देतात ही समजूत चुकीची आहे. त्यांना त्रास होतो तो वारंवार डोकावण्याचा. दिवसातून एकदा, दोघेही बाहेर खात असताना पाहावे. तिन्हीसांजेनंतर पाहू नये, कारण अंधारात घाबरून बाहेर पडलेली मादी पुन्हा आत जात नाही आणि अंडी रात्रभर गार राहतात.

पुढचा क्रम सरळ आहे. घरटे लावल्यावर एक-दोन आठवड्यांत अंडी सुरू होतात, रोज सकाळी एक याप्रमाणे चार ते सहा. तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर जोडी खऱ्या अर्थाने उबायला बसते, दिवसा नर-मादी आळीपाळीने बसतात, आणि तेथून 12 ते 14 दिवसांत पिल्ले निघतात. बसल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी अंडे मोबाइलच्या टॉर्चसमोर धरले तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात; त्या न दिसता अंडे नुसतेच पिवळसर पारदर्शक दिसले तर ते फोल समजावे. पिल्लांना नीट भरवले जात आहे का, हे ओळखणेही सोपे आहे. मानेच्या बाजूची कातडी इतकी पातळ असते की तिच्याखाली साठलेले दाणे एकेक मोजता येतील असे दिसतात. ती पिशवी संध्याकाळी रिकामी असेल तर आम्हांला कळवावे. 18 ते 21 दिवसांत पिल्ले घरट्याबाहेर येतात, तरी काही रात्री झोपायला आत परततात आणि आणखी दोन आठवडे आई-बाप, विशेषतः बाप, त्यांना भरवतो. पिल्लू बाहेर आले म्हणून लगेच वेगळे करू नये. चोचीचा काळा रंग जाऊन केशरी झाक दिसू लागली आणि ते स्वतः दाणे सोलू लागले, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यात, वेगळे करावे.

या काळात नुसत्या कांगणीवर भागत नाही. उकडलेले अंडे कुस्करून रोज थोडे द्यावे आणि उन्हाळ्यात दोन तासांत उचलून घ्यावे. चुना मिळावा म्हणून समुद्रफेण पिंजऱ्यात कायम असावा, अंडी नसतानाही. आमच्याकडील विणीचे मिश्रण, ज्यात कांगणीबरोबर इतर बारीक धान्ये असतात, जोडी बसण्याच्या पंधरा दिवस आधीपासून सुरू केलेले बरे. पिल्ले वेगळी झाली की पुन्हा साध्या दाण्यांवर यावे, कारण सततचा पौष्टिक आहार हेही जोडीला पुन्हा अंडी घालण्याचे आमंत्रणच असते.

लागोपाठ दोन, फार तर तीन खेपा झाल्या की घरटे काढून किमान चार महिने विश्रांती द्यावी. काही माद्या घरटे काढल्यावर दाण्यांच्या वाटीत किंवा ट्रेमध्ये अंडी घालतात. तेव्हा ती उचलून फेकून देण्याचा मोह होतो, पण त्यामुळे मादी भरपाई म्हणून आणखी घालते. त्याऐवजी अंडी उकडून, गार करून परत ठेवावीत, किंवा आमच्याकडून प्लॅस्टिकची अंडी न्यावीत. काही दिवस बसून मादी स्वतःच कंटाळते. तरीही थांबली नाही तर पिंजऱ्यात मधली जाळी घालून जोडी वेगळी करावी आणि संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर कापड टाकावे. आमचे अडीच फुटी पिंजरे मधल्या जाळीसकट येतात ते याचसाठी. दीड फुटी पिंजऱ्यात ही सोय करता येत नाही, म्हणून विणीसाठी तो आम्ही सुचवत नाही.

जागेविषयी थोडेसे. पिंजरा ग्रिलमध्ये असेल तर कावळा, मांजर आणि पाल या तिघांचा विचार करून तीन बाजू झाकाव्यात. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याला ओढू नये, ते विष आहे. महापालिकेची धूर फवारणीची गाडी सोसायटीत आली की खिडक्या लावून पिंजरा आतल्या खोलीत न्यावा. मच्छर अगरबत्ती, धूप, नवा रंग आणि तापलेला नॉनस्टिक तवा यांचा धूर या पक्ष्यांना आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. उबवण दिवाळीच्या फटाक्यांत येणार नाही अशा बेताने घरटे लावावे, हे आम्ही दरवर्षी सांगतो.

बेंगलीज फिंचची विचारणा वाढली आहे. तो जपानमधल्या दीर्घ पैदाशीतून आलेला पाळीव पक्षी असून इतरांची अंडीही प्रेमाने उबवतो. घरट्याचे नियम त्यालाही हेच लागू आहेत. लाल मुनिया किंवा कोणतीही देशी मुनिया मात्र आमच्याकडे मागू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तिची विक्रीच काय, ती घरात ठेवणेही गुन्हा आहे. जावा स्पॅरो घेतल्यास 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि ती करण्यास आम्ही मदत करतो.

वाढलेली पिल्ले आपणांस ठेवायची नसतील तर आम्ही परत घेतो आणि त्यांच्या बदल्यात दाणे किंवा समुद्रफेण देतो. मात्र ती सहा आठवड्यांच्या आतली नसावीत आणि आई-बापांच्या रिंगांचे रंग सांगता यावेत. घरटे नेण्यास येताना पावती आणि जोडीचा त्याच आठवड्यातला फोटो आणावा. फोटोत मादी सुस्त किंवा पिसे झडलेली दिसली तर घरटे आणखी महिनाभर थांबवले जाईल. दुकान सोमवारी बंद असते, परंतु मादीचे अंडे अडल्याची शंका असेल तर पावतीवरील क्रमांकावर कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी फोन करावा.