हायड्रोजन साठवण, भूगर्भीय

नैसर्गिक वायू उपसून रिकाम्या झालेल्या खडकथरांत हायड्रोजन दाबाखाली भरणे व गरजेनुसार परत काढणे. उन्हाळ्यातील सौरवीज हायड्रोजनच्या रूपात पावसाळ्यासाठी राखण्याचा हा मार्ग. हायड्रोजन इतका हलका की त्याच दाबाला, तेवढ्याच जागेत मिथेनच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी ऊर्जा मावते.

पारखताना थराची सच्छिद्रता व पार्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता), वरचा अभेद्य खडक आणि जुन्या विहिरींचे सिमेंट पाहतात. दाब टिकवण्यासाठी बराच वायू कायमचा आत ठेवावा लागतो.

खरा वाद सूक्ष्मजीवांचा आहे: साठवलेला हायड्रोजन ते खाऊन टाकतात का? झेक प्रजासत्ताकातील लोबोडित्से येथे कोळशापासूनचा शहरवायू (हायड्रोजन, मिथेन आदींचे मिश्रण) पाणथरात साठवला होता. तेथे सुमारे सात महिन्यांत हायड्रोजन ५४ टक्क्यांवरून ३७ वर आला आणि मिथेन २२ वरून ४० वर गेले. कार्बनच्या समस्थानिकांचा पुरावा मिथेनजनक सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवतो व तोच अधिक पटण्याजोगा आहे. फ्रान्समधील बेन येथील असाच साठा मात्र १९५६ पासून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुधा सुरळीत चालला. म्हणून एका क्षेत्राचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. तापमान, क्षारता व गंधकयुक्त खनिजे प्रत्येक ठिकाणी तपासावीच लागतात.

मराठवाड्यात वायुक्षेत्र नाही. गोदावरी पैठण-नांदेडवरून जाते, पण वायू आहे तो तिच्या मुखाकडच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात. येथे खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. विहीर खणणाऱ्यांच्या ओळखीचे थर म्हणजे काळा पाषाण, भोकाभोकांचा मांजऱ्या आणि मध्ये गेरूसारखा लाल पट्टा. मांजऱ्यातील भोके बहुतेक झिओलाइट, कॅल्साइट या खनिजांनी बुजलेली असतात. पाणी येते ते फटींतून, आणि ज्या फटीतून पाणी येते तिच्यातून हायड्रोजनही निसटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला (जि. लातूर) घेतलेल्या ६१७ मी. खोल छिद्रात ३३८ मी. बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मी. गाळाचा थर आणि मग पट्टिताश्म (नाइस, पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक) लागला. हे ८ मीटर फार बोलके आहेत: वायू साठवण्याजोगा जाड गाळखडक तेथे नाही. सौराष्ट्रात बेसाल्टखाली जाड गाळखडक असल्याचे मानतात. तो निष्कर्ष येथवर ताणणे धाडसाचे ठरेल.

अशा कठीण खडकात पोलादी अस्तराची गुहा कोरता येते. स्वीडनमधील लुलेओ येथे १०० घनमीटरची अशी चाचणी-गुहा २०२२ मध्ये सुरू झाली. किल्लारीच्या परिसरात मात्र तिचा आराखडा भूकंपाचा हिशेब धरूनच करावा लागेल.