एकाच भूखंडाच्या दोन मोजण्या का जुळत नाहीत?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत किंवा नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेत भूखंड असलेले ग्राहक नव्या मोजणीसाठी आम्हा मोजणीदारांकडे येताना बहुधा जुना नकाशाही आणतात आणि दोन्हींतील आकडे वेगळे का, अशी विचारणा करतात. थोडा फरक प्रत्येक मोजणीत राहतोच. तो कशामुळे आला, हे पाहणे महत्त्वाचे असते.

काही चुका कधी अधिक, कधी उणे येतात आणि अनेक वाचनांच्या सरासरीत बऱ्याच अंशी जिरतात. एकाच दिशेने होणारी चूक मात्र सरासरीने जात नाही. टोटल स्टेशनने (प्रकाशकिरणाने अंतर व कोन मोजणाऱ्या यंत्राने) अंतर घेताना समोरच्या प्रिझमचा, म्हणजे किरण परत पाठवणाऱ्या काचेचा, स्थिरांक (अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) यंत्रात भरावा लागतो. अनेक प्रिझमसाठी तो उणे ३० मिलिमीटर असतो आणि तो भरायचा राहिल्यास प्रत्येक अंतर ३० मिलिमीटरने जास्त येते, मग ते दहा वेळा मोजा. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आम्ही एका सरळ रेषेत तीन खुणा ठेवून दोन तुकड्यांची बेरीज सलग अंतराशी ताडून पाहतो. त्यांतील फरक हीच स्थिरांकाची चूक होय. ही पडताळणी ग्राहकांनी समोर उभे राहून जरूर पाहावी.

पोलादी फीत साधारणपणे २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेली असते. मे महिन्याच्या उन्हात ती ४० अंशांपर्यंत तापली, तर ३० मीटरमागे सुमारे ७ मिलिमीटर लांबते आणि माप तेवढे कमी भरते. खाडीलगतच्या भरावावर यंत्राच्या तिपाईचे पाय हळूहळू रुततात, तर उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या उपग्रह संकेतांमुळे रोव्हरने (उपग्रहांच्या आधारे जागेचे स्थान ठरवणाऱ्या फिरत्या यंत्राने) दाखवलेले स्थान सरकू शकते. अशा जागी आम्ही केवळ रोव्हरवर विसंबत नाही.

‘जमीन कमी भरली’ या तक्रारीचे मूळ मात्र पुष्कळदा मोजणीत नसतेच. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि सातबाऱ्यावरील एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. व्यवहार वीस गुंठ्यांचा ठरला आणि उताऱ्यावर वीस आर असले, तर सुमारे २३ चौरस मीटरची तफावत कागदावरच असते.

आमचा नकाशा आराखडा व बांधकामाच्या कामासाठी असतो. हद्द कायम करून घ्यायची असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडेच अर्ज करावा लागतो. मोजणीच्या दिवशी सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि उपलब्ध असल्यास आधीच्या मोजणीची नक्कल सोबत ठेवावी.