पऱ्हाटीतला रोही कोणालाच कसा दिसला नाही?

दिवाळीनंतरची वेचणी चालू होती. आठ बाया एकेक तास (ओळ) धरून कापूस वेचत होत्या. मी धुऱ्यावरून आलो, तर त्यांच्यापासून वीसेक पावलांवर एक रोही, म्हणजे नीलगाय, पऱ्हाटीचे (कपाशीचे) शेंडे खात निवांत उभा. माझी चाहूल लागताच तो तुरीत शिरला. बायांना विचारलं, तर एक म्हणाली, "काहून मस्करी करता जी? इथं कुठचा रोही?"

घोड्याएवढं जनावर! पण बाया खोटं बोलत नव्हत्या.

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चित्रफितीत तीन जण पांढऱ्या आणि तीन जण काळ्या सदऱ्यात बास्केटबॉल खेळतात. बघणाऱ्यानं एकाच संघानं चेंडू किती वेळा दिला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचं सोंग घेतलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत जाते. बघणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. त्यातही पांढरा संघ मोजणाऱ्यांना ती कमी दिसली, काळा संघ मोजणाऱ्यांना जास्त. गोरिला काळाच ना! डोक्यानं "पांढरं तेवढं घे" असं ठरवलं की काळं आपोआप गाळलं जातं. कापूस पांढरा, रोही निळसर करडा, आणि मजुरी किलोवर. आता सांगा, रोही कोण बघेल?

यात डोळ्यांचा दोष नाही. 2013 मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी 24 रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र डकवलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलं नाही. त्यांची नजर कुठे फिरते ते यंत्रानं टिपलं होतं. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या चित्रावर पडून गेली होती. मला तर हे रोह्यापेक्षाही नवलाचं वाटतं.

बदलाचंही असंच. सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांच्या 1998 च्या प्रयोगात एक अनोळखी माणूस वाटसरूला रस्ता विचारतो. मध्येच दोघे जण मोठं दार उचलून दोघांच्या मधून जातात आणि त्या आडोशात रस्ता विचारणारा माणूसच बदलतो. निम्म्याहून जास्त वाटसरू नव्या माणसाला रस्ता सांगत राहिले. एरवी काही बदललं की तिथे हालचाल होते आणि नजर तिकडे ओढली जाते. आड काही आलं, की ती खूण हरवते. मग आधीचं चित्र लक्षात ठेवून ताडून पाहायचं, तर डोकं ते सहसा करत नाही.

रोही एकाला मात्र दिसला होता. राखणीचा पोरगा गोफण घेऊन लांबूनच धावत आला, त्याचं कामच ते. तेवढ्यात कुत्र्यानं त्याच्या शेजारून शिदोरी ओढत नेली होती, ते त्याला जेवायला बसल्यावर कळलं.