विडंबन, विटंबना आणि आमच्याकडचा विनोद

भारुडं, तमाशातली बतावणी सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. कवितेला विडंबन हा शब्द पक्का चिकटला तो 1925 च्या एका गाजलेल्या संग्रहापासून, म्हणजे अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'पासून. त्यातल्या एका कवितेत प्रेमकवितेचं वृत्त तेच, आर्जव तेच, पण वाट बघायची ती प्रेयसीची नाही तर कपडे नेलेल्या परटाची. ट्रिक एवढीच, पण सूर जरा चुकला की सगळं फसतं.

खरा गुंता शब्दाचा आहे. संस्कृतातलं विडंबन म्हणजे नक्कल, थट्टा. मराठीत ड चा ट होऊन विटंबना झाली आणि तिचा अर्थ पार अपमानावर गेला. वर हल्ली टीव्हीवाले हिंदीतून 'ही विडंबना आहे' म्हणतात, त्यांना म्हणायचं असतं दैवदुर्विलास. म्हणजे मूळ एक आणि वाटा तीन. बेळगावात हा नुसता व्याकरणाचा विषय नाही, कारण इथं पुतळ्याची विटंबना झाली म्हणलं की दुपारपर्यंत शटर खाली, मग एखाद्यानं गाण्याचं विडंबन केलं तरी ऐकणारा आधी ट आहे का ड ते बघतो. माझ्या मते यापायी आमच्याकडं उघड उपहास कमी लिहिला गेला आणि उपरोध जास्त, म्हणजे तोंडावर स्तुती करायची आणि टोला आत ठेवायचा.

1946 ला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथल्याच साहित्य संमेलनात झाला, 1956 ला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घरात मराठी, ऑफिसात कन्नड, आणि कोटी करायला दोन्ही शब्दकोश फुकट. कन्नडात हळ्ळी म्हणजे खेडं, मग 'हल्ली कुठं असतोस रे?' विचारलं की खानापूरकडचा गडी म्हणतो, 'हळ्ळीतच की!' ल आणि ळ चं थोडं घसरतं पण चालतंय. तसंच ऊट म्हणजे जेवण. पंगतीत कुणी 'ऊटा आयता?', जेवण झालं का, असं प्रेमानं विचारलं आणि नवखा पाव्हणा ताट सोडून उठला, हा जोक इथं शिळा होत नाही. पुण्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो, आणि सांगितला की मेला.

1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. तेव्हापासून नुसता 'वी' जरा लांबवून म्हणलं तरी कट्ट्यावर हशा येतो.