पहिली शॉर्ट फिल्म करताय? आधी आवाजाचं बघा

वर्गणी काढून, पॉकेटमनी साठवून पहिली फिल्म करायला निघालेली मुलं आमच्या कॅमेरे-माइक भाड्याने देणाऱ्या दुकानात आल्याआल्या विचारतात, "कॅमेरा कोणता घेऊ?" आम्ही उलट विचारतो: शूटिंग कुठे आहे, आणि तिथे ऐकू काय काय येतं?

चित्र थोडं अंधुक असलं तर बघणारा चालवून घेतो. संवाद कळला नाही तर तो उठून जातो. आम्ही हे शिकलो ते यावलकडच्या एका केळीच्या बागेत. बाप-लेकाचा प्रसंग होता, माइक कॅमेऱ्यावर आणि कॅमेरा दहा फुटांवर. चित्र सुरेख आलं. घरी हेडफोन लावला तर वाऱ्यात फडफडणारी केळीची पानंच जास्त ऐकू येत होती. अहिराणीत वाक्याच्या शेवटी हळूच पडणारं ‘शे’ तर कुठेच नव्हतं. मग डबिंग केलं. ओठ जुळले, पण बागेतला बाप खोलीत बसून बोलतोय असंच शेवटपर्यंत वाटत राहिलं.

चूक माइकची नव्हती, अंतराची होती. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. तोच शॉटगन माइक (समोरच्याच दिशेचा आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) बूमवर, म्हणजे लांब दांड्यावर लावून डोक्याच्या हात-दीड हात वर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर धरला असता तर काम झालं असतं. बूमला पैसे नसतील तर रंगाऱ्याचा रोलर लावायचा लांब दांडा घ्या, चांगला चालतो. बाहेर शूटिंग असेल तर माइकची केसाळ टोपी विसरू नका. तिचं भाडं किरकोळ असतं, पण तिच्याशिवाय वाऱ्याची घरघर थांबत नाही.

घरातलं गणित वेगळं. पत्र्याच्या किंवा उघड्या भिंतींच्या खोलीत शॉटगन घुमतो, तिथे कॉलर माइक बरा. दोन-चार गोधड्या कॅमेऱ्याच्या मागे टांगा, फरक लगेच कळेल. कूलर, पंखा आणि फ्रिज शॉटपुरते बंद. कॉलर माइक लावताना मंगळसूत्र बघा, वाटी माइकवर टकटक आपटते आणि ती टकटक एडिटिंगमध्ये निघत नाही. रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा, मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास जाऊ द्या. आवाज आणि चित्र नंतर जुळवायला प्रत्येक शॉटला टाळी द्या, आणि जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून तिथली 30 सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. संवादांच्या मधल्या फटी तीच भरून काढते.

आता कॅमेरा. चांगला मोबाइल असेल तर पहिल्या फिल्मला तोच वापरा, हे आम्ही भाड्याचं दुकान चालवूनही सांगतो. फक्त फोकस आणि एक्सपोजर लॉक करता आलं पाहिजे. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा; आपली वीज 50 हर्ट्झची आहे, या सेटिंगला ट्यूबलाइट लुकलुकत नाही. दुपारच्या उन्हात हेच शटर ठेवायचं तर एनडी फिल्टर (लेन्ससमोरची उजेड कमी करणारी काच) लागतो.

मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेणारच असाल तर 50 एमएम लेन्सचा हट्ट धरू नका. छोट्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) ती 75-80 एमएमसारखी वागते, म्हणजे सगळं जवळ दिसतं, आणि गावाकडच्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. 24 किंवा 35 न्या. कार्ड व्ही30 (वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीचं कार्ड साधारण 1 तास 25 मिनिटांत भरतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. उन्हात ठेवलेला कॅमेरा काय, मोबाइल काय, तापला की आपोआप बंद पडतो. छत्री धरायला एक माणूस ठेवा, शूटिंग सकाळी नऊच्या आत उरका. लग्नसराईत आमचे कॅमेरे आधीच बुक असतात, तेव्हा शक्यतो तारखा तिच्याबाहेरच्या काढा.

सामान घ्यायला येण्याआधी एक काम करून या. ज्या जागी आणि ज्या वेळेला शूटिंग करायचंय, तिथे उभं राहून मोबाइलवर एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करा. रेल्वे, पिठाची गिरणी, शेतातली मोटर, जे असेल ते येऊ द्या. ते आपण दुकानात सोबत ऐकू आणि मगच माइक ठरवू.